बिल करण्याआधी नम लॉक बघा!

दिवा स्टेशनजवळ दुकान असेल, तर संध्याकाळी लोकल आली की काउंटरवर गर्दी ठरलेलीच. त्यात नम लॉक बंद असेल तर? उजवीकडच्या कीपॅडवर 8 दाबलं की कर्सर वरच्या ओळीत सरकतो. पॉइंट दाबला की डिलीट होतं, निवडलेली रक्कम पुसली जाते!

म्हणून बिलिंग प्रोग्राम बनवून घेताना सांगा, ‘नम लॉक बंद असेल तर लाल पट्टी दिसू द्या.’ सी शार्पमध्ये ‘इज की लॉक्ड’, जावात ‘गेट लॉकिंग की स्टेट’. एका ओळीचं काम. पण तपासणी फक्त प्रोग्राम उघडताना नको. की दाबल्यावर आणि दुसऱ्या विंडोतून परत आल्यावरही हवी. पासवर्डपाशी कॅप्स लॉकचंही तसंच.

सोय छोटीशी, पण गिऱ्हाईक खोळंबत नाही.