सत्तरीनंतरची चाकरी

अ‍ॅमॉस अलोंझो स्टॅग यांना व्हायचं होतं पाद्री. येल विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकायलाही बसले, पण चारचौघांसमोर उभं राहून प्रवचन देणं त्यांना काही जमेना. मैदानावर मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हा पोरांना घडवायचं ते मैदानावरच, असं त्यांनी ठरवलं.

येलला त्यांना शिकवणारे विल्यम रेनी हार्पर पुढे शिकागोच्या नव्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. 1892 मध्ये त्यांनी तिशीतल्या स्टॅगना अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं, तेही सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जाने, कायमच्या नेमणुकीवर. हंगामापुरता प्रशिक्षक आणायचा नि हंगाम संपला की नारळ द्यायचा, अशा त्या काळात ही गोष्ट अजबच होती. स्टॅग यांच्या नावावर खेळातल्या शोधांची मोठी यादी सांगतात. त्यातले काही दावे वादाचे आहेत. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतली खरी नवलाई ही नेमणूकच.

पहिल्या वर्षी खेळाडू कमी पडले तेव्हा प्रशिक्षक स्वतःच संघात उतरले. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्याला धडकत पुढे सरकायचा खेळ. अशा धसमुसळ्या खेळात राहूनही स्टॅग स्वतः दारू-तंबाखूला शिवत नसत. रागाच्या भरात तोंडातून निघणारी सर्वांत मोठी शिवी ‘गाढव’. फारच चुकलं, तर ‘दुप्पट गाढव’!

1905 चा मिशिगनविरुद्धचा सामना मात्र सविस्तर सांगायला हवा. मिशिगनचा संघ सलग 56 सामने हरला नव्हता. पंचवीस हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर दोन्ही बाजूंना एकही गुण मिळेना. शिकागोच्या एकर्सॉलने पायाने लांब मारलेला चेंडू मिशिगनच्या क्लार्कने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला. तिथंच थांबला असता तर काही बिघडलं नसतं. तो चेंडू घेऊन पळाला, रेषेपुढे आला आणि शिकागोच्या कॅटलिनने त्याला पुन्हा रेषेमागे रेटून पाडलं. नियमाप्रमाणे शिकागोला 2 गुण. सामना 2-0.

फुटबॉलचा हंगाम संपला की हेच गुरुजी धावण्या-उड्या-फेकीच्या सरावाला हजर. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकला ते आपली पोरं घेऊन गेले, 1924 ला पुन्हा अमेरिकन संघाच्या प्रशिक्षकांत होते. कॉलेजांची पहिली राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा 1921 मध्ये झाली, ती शिकागोच्या स्टॅग फील्डवरच.

कायमच्या नेमणुकीलाही वयाची मर्यादा होतीच. 1932 मध्ये सत्तरी गाठताच विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं. 1939 मध्ये तर तिथल्या अध्यक्षांनी फुटबॉलच बंद केला. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखालच्या स्क्वॉश कोर्टात 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवली.

स्टॅग मात्र कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या पोरांना पळवत होते. 1943 मध्ये, 81 व्या वर्षी, देशभरच्या प्रशिक्षकांनी त्यांना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. पत्नी स्टेला प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघून डावपेच टिपून आणत. 1947 पासून काही हंगाम ते पेनसिल्वेनियात मुलाच्या जोडीने शिकवायला गेले. पुढे स्टॉकटनला परतून चेंडूला लाथ मारण्याचं तंत्र शिकवत राहिले. हे काम त्यांनी सोडलं तेव्हा ते नव्वदी ओलांडून बरेच पुढे गेले होते. 1965 मध्ये, 102 व्या वर्षी, स्टॉकटनलाच ते वारले.