झोत कोणाच्या डोळ्यांवर?

कोल्हापूरहून निघालेला प्रवासी कागल मागे टाकतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी कर्नाटकात दाखल होतो. लोकांची भाषा बदलत नाही, उसाची शिवारे बदलत नाहीत. बदलतो तो केवळ अंमल. या नाक्याने गेल्या काही वर्षांत नाना प्रकारच्या तपासण्या पाहिल्या. 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या हाती आरटी-पीसीआरचा अहवाल आहे की नाही, हे येथे पाहिले जात होते. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा तापला, तेव्हा याच ठिकाणी पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता आणि महाराष्ट्रातील नेत्यांना अडवण्यात आले. पथकर तर रोजचाच. या गाडीच्या पुढच्या दिव्यात नेमका कोणता बल्ब बसवला आहे, हा साधा प्रश्न मात्र येथे कोणी कोणाला विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांना रात्री गाडी हाकावी लागते, त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. मूळ हॅलोजन बल्ब काढून त्या जागी बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवण्याची साथ आज शहरापासून खेड्यापर्यंत पसरली आहे. 2024 च्या जुलैपासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली, तेव्हा अनेक वाहनधारकांनी कर्नाटकात काही नवाच कायदा निघाल्याचा समज करून घेतला. कायदा नवा नव्हता आणि कर्नाटकाचाही नव्हता. दूधगंगेच्या दोन्ही तीरांवर तो एकच आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 106 वा नियम सांगतो की, गाडीच्या पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. आणि तो इतका खाली असावा की, दिव्यापासून 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर सरून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू शकू नये. सरकारी नियमांत इतकी माणुसकीची व्याख्या क्वचितच आढळते. समोरून येणाऱ्याचा डोळा कोठे असेल, याचा विचार करून हे माप ठरवलेले आहे.

मग एलईडी बल्ब बेकायदा आहे काय? येथे घोळ आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत परस्पर फेरफार करण्यास मनाई करते, आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. परंतु त्या कलमाचा रोख गाडीच्या मूळ रचनेकडे आणि नोंदणीपत्रातील तपशिलाकडे आहे. नोंदणीपत्रावर बल्बचा प्रकार लिहिलेला नसतो, असा युक्तिवाद कोणीही चतुर वकील करील. 2019 च्या दुरुस्तीने आलेले 182-अ हे कलम अधिक नेमके आहे. परवानगी नसलेल्या रीतीने सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असे ते म्हणते. म्हणजे शस्त्र आहे. ते कोणावर चालवायचे आणि कशाच्या आधारे, हे ठरलेले नाही. त्यामुळे एखादा हवालदार पांढरा उजेड दिसला की गाडी थांबवतो, आणि कारखान्यातूनच एलईडी दिवा घेऊन आलेल्या नव्या गाडीचा निरपराध मालकही त्यात सापडतो.

गुन्हा उजेडाच्या रंगात नाही. तो कोठे आहे, हे समजण्यासाठी दिव्याच्या आत डोकावले पाहिजे. आपल्याकडे सर्रास असलेल्या एच-4 बल्बमध्ये दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते; तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली रस्त्यावर उतरतो. परावर्तकाचा सारा घाट त्या बारीक तारेची जागा गृहीत धरून घडवलेला असतो. तेथे चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले एलईडीचे ठिपके आले की हा हिशेब कोलमडण्याचा धोका असतो. ठिपक्यांचा आकार किंवा जागा जराशी चुकली तरी प्रकाश वर उधळतो. चालकाला वाटते, आपला दिवा किती झकास! त्याने डिप्पर दिलेला असतो, तरी समोरच्याला तो अप्परच वाटतो. मूळच्या एलईडी दिव्यात भिंग, परावर्तक आणि प्रकाशाचा उगम ही तिन्ही एकमेकांसाठी घडवलेली असतात, म्हणून तेथे हा दोष सहसा उद्भवत नाही.

चौपदरी महामार्गावर मधल्या दुभाजकाचा थोडाफार आडोसा तरी मिळतो. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना भय आहे ते त्यापुढच्या वाटेचे. निपाणीहून मुधाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करीत फोंडाघाटाने देवगडकडे उतरणारा रस्ता असो, की संकेश्वर, गडहिंग्लज, आजऱ्यावरून आंबोलीमार्गे सावंतवाडीला येणारा; घाटातील वळणावर समोरची गाडी अकस्मात पुढ्यात येते आणि तिचा झोत थेट काचेवर आदळतो. चतुर्थीला गावी निघालेली कुटुंबे रात्रीच प्रवास करतात. आंब्याच्या दिवसांत पेट्यांनी भरलेल्या गाड्यांनाही रात्रच सोयीची. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी तीन सेकंदांत 50 मीटर अंतर कापते. डोळ्यांपुढची अंधारी सरायला तीन सेकंद पुरतातच असे नाही, आणि मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यांना तर मुळीच पुरत नाहीत. याच निपाणी-राधानगरी रस्त्यावर आदमापूर आहे. अमावास्येला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारे भाविक कडेने पायी चालत असतात. दिपलेल्या चालकाला समोरची गाडी निदान तिच्या दिव्यामुळे दिसते. पायी चालणाऱ्याजवळ दिवा नसतो.

वाहनधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या हॅलोजनचा पिवळट उजेड अपुरा पडतो, रस्त्याच्या कडांचे पांढरे पट्टे पुसलेले असतात, मध्येच म्हैस उभी असते. मग माणसाने करावे काय? ही तक्रार खोटी नाही. रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांनी पट्टे वेळेवर रंगवले असते, तर बल्बच्या दुकानांतील गर्दी निम्म्याने ओसरली असती, अशी आमची धारणा आहे. परंतु आपल्याला दिसावे म्हणून समोरच्याला आंधळे करणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता तपासणीकडे वळू. मालवाहू आणि प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. लोकांच्या भाषेत हे ‘पासिंग’. यंत्राने झोत मोजणारी स्वयंचलित केंद्रे आता निघत आहेत, हे स्वागतार्ह. पण पासिंगच्या आदल्या दिवशी जुना बल्ब चढवायचा आणि कागद हाती पडताच पुन्हा नवा, ही युक्ती कोणत्या गॅरेजला ठाऊक नाही? शिवाय खासगी मोटारीची नोंदणी तर 15 वर्षांची. तोवर तिच्या दिव्यात कोण डोकावणार? आणि जो दुकानदार हा बल्ब राजरोस विकतो, बसवून देतो, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. दंड भरायचा तो गिऱ्हाइकाने.

इंग्लंडमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब आढळल्यास मोटार नापास होते. 2021 मध्ये त्यातून दुचाकींना आणि 1986 च्या एप्रिलपूर्वीच्या जुन्या गाड्यांना सूट देण्यात आली. जर्मनीने निराळी वाट धरली. तेथे 2020 मध्ये ओसरामच्या एका एलईडी बल्बला मान्यता मिळाली, ती चाचणी घेतलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. आम्हांस ही जर्मन रीत अधिक शहाणपणाची वाटते. अमुक बल्ब, अमुक दिव्यात, इतकी नेमकी यादी केंद्र सरकारने प्रसिद्ध करावी. यादीबाहेरचा बल्ब वाहनासाठी विकणे हाच गुन्हा ठरवावा. मग निपाणीच्या दुकानदाराला आणि कणकवलीच्या गिऱ्हाइकाला एकच उत्तर मिळेल.

यादी येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नियमातील 8 मीटर आणि दीड मीटर ही मापे 1989 पासून छापलेली आहेत. कोगनोळीच्या नाक्यावर एक बाजूची मार्गिका, एक पांढरा फलक आणि त्यावर दीड मीटरवर ओढलेली काळी रेघ, एवढ्यावर पहिली चाळणी लागेल. डिप्परचा झोत रेघेच्या वर चढला, तर गाडी बाजूला घेऊन यंत्राने तपासावी. न चढला, तर पांढऱ्या उजेडालाही खुशाल जाऊ द्यावे. असाच फलक दूधगंगेच्या अलीकडे कागललाही उभा राहावा. तो मराठीत असावा की कन्नडमध्ये, याचा वाद निदान येथे तरी उद्भवू नये. रेघेला लिपी नसते.