फुगलेल्या शिरा आणि शिरेतलं इंजेक्शन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की कागल, राधानगरी, भुदरगडच्या शिवारात माणसं दिवसदिवस उभी असतात. फडात ऊसतोडकरी, गुऱ्हाळावर काहिलीच्या धगीपुढे गुळव्या. वर्गात शिक्षक आणि एसटीत कंडक्टर तर बारमाही उभे. यांतल्या कितीतरी जणांच्या पोटरीवर निळ्या-हिरव्या, वळ्यावळ्यांच्या शिरा तटतटलेल्या दिसतात. दुखणं अंगावर काढलं जातं आणि घोट्याजवळ जखम झाली की मग धावपळ सुरू होते. यावर स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषध टोचून ती शीर बंद करण्याची पद्धत, हा एक चांगला इलाज आहे. पण त्याच्याभोवती गैरसमज फार आहेत.

गैरसमज : शिरा फुगतात त्या वातामुळे किंवा अशुद्ध रक्तामुळे.
वस्तुस्थिती : दोष रक्तात नसतो, शिरेतल्या झडपांत असतो. पायातलं रक्त वर हृदयाकडे जाताना मागे फिरू नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. नदीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातलं पाणी जसं परत खाली येतं, तसंच झडप निकामी झाली की होतं. रक्त पायात साचतं, दाब वाढतो आणि शीर फुगते. घरात कुणाला हा त्रास असणं, बाळंतपणं, वाढलेलं वजन आणि तासन् तास उभं राहणं यांनी धोका वाढतो. जळवा लावून थोडं रक्त काढलं म्हणून झडप दुरुस्त होत नाही.

गैरसमज : शीर बंद केली तर पायाचं रक्त तुटेल, पाय लुळा पडेल.
वस्तुस्थिती : पायाला रक्त पोचवतात त्या धमन्या, त्यांना इथे हात लावायचा नसतो. परतीचं बहुतेक रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून जातं. बंद करायची ती कातडीखालची, आधीच उलटं रक्त वाहणारी शीर. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे आधी पाहावंच लागतं. त्यासाठी डॉपलर सोनोग्राफी असते. झडपा कुठे गळतात हे नीट दिसावं म्हणून ती रुग्णाला उभं करून करतात.

गैरसमज : हे शिरेला ताकद देणारं इंजेक्शन आहे.
वस्तुस्थिती : नेमकं उलट. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही औषधं शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतात. शीर आक्रसते, बंद होते आणि काही महिन्यांत तिचा बारीक तंतू उरतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरांसाठी पातळ औषध पुरतं. जाड शिरांत मात्र ते रक्तात मिसळून विरळ होतं, म्हणून तिथे फेस वापरतात. इटलीच्या टेसारी या डॉक्टरांनी 2000 साली मांडलेली रीत साधी आहे : दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीने जोडायच्या, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दांडे आळीपाळीने दहा-वीस वेळा दाबले की घट्ट पांढरा फेस तयार होतो. तो विरायच्या आत, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, शिरेत सोडतात. फेस रक्ताला पुढे ढकलतो आणि औषध थेट शिरेच्या भिंतीला लागतं.

गैरसमज : नंतर महिनाभर अंथरुणावर पडून राहायचं.
वस्तुस्थिती : भूल द्यावी लागत नाही. इंजेक्शन झालं की दाबाचा मोजा किंवा पट्टी बांधून लगेच चालायला सांगतात. पडून राहिल्याने उलट गुठळीचा धोका वाढतो. शीर काही दिवस कडक लागते, थोडी दुखते. कातडीवर तपकिरी डाग पडू शकतो, तो बहुधा हळूहळू फिका होतो. पण पोटरी अचानक सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

गैरसमज : एकदा टोचलं की कायमची सुटका आणि ते कुणालाही चालतं.
वस्तुस्थिती : मोठी शीर पुन्हा उघडू शकते, दुसऱ्यांदा फेस सोडावा लागतो. म्हणून मुख्य शीर बिघडली असेल तर ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनात लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी पहिली, फेसाचं इंजेक्शन दुसरं आणि शस्त्रक्रिया तिसरी ठेवली आहे. गरोदरपणात हे इंजेक्शन टाळतात. खोल शिरेत ताजी गुठळी, अंगात मोठा जंतुसंसर्ग किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर ते देत नाहीत. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल किंवा अर्धशिशीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

गैरसमज : हा दिसण्याचा प्रश्न आहे, जखम झाली तर बघू.
वस्तुस्थिती : संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याच्या आतल्या बाजूला खाज, मग कातडी तपकिरी आणि टणक होणं, शेवटी न भरणारी जखम असा हा आजार पुढे सरकतो. जखम झाल्यावरही नुसत्या पट्ट्यांवर थांबू नये. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या अभ्यासात, पट्टीसोबत शिरेवर लवकर उपचार झालेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली. उपचार लांबवलेल्यांना 82 दिवस लागले.

फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर झोपवा, पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडाने त्याच जागी दाबून धरा. वर दोरी आवळू नका. बाकी निर्णय घाईने घ्यायचा नसतो. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात किंवा आपल्या विश्वासाच्या सर्जनला पाय दाखवा आणि इंजेक्शन, लेझर की ऑपरेशन हे डॉपलर झाल्यावरच ठरवा. फक्त घोट्याची कातडी काळवंडू लागली असेल तर हंगाम संपायची वाट बघू नका.