टी बोन बर्नेट: दुसऱ्यांच्या गाण्यातला निर्माता

'निर्माता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैसे घालणारा माणूस येतो. अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या धंद्यात मात्र 'प्रोड्युसर' हा आपल्या सिनेमा-दिग्दर्शकाच्या जवळ जातो. कोणती गाणी घ्यायची, साथीला कोण, कोणता टेक ठेवायचा, हे तो गायकाच्या सोबतीनं ठरवतो. आता प्रश्न असा, की स्वतः गाणी लिहिणाऱ्या, चाली बांधणाऱ्या गायकानं हे काम पत्करलं, तर त्याच्या स्वतःच्या गाण्याचं काय होतं?

टी बोन बर्नेट यांचं उदाहरण घेऊ. जन्म १९४८चा, वाढले टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये. बॉब डिलनच्या १९७५-७६च्या 'रोलिंग थंडर रेव्ह्यू' दौऱ्यात ते गिटार वाजवत. पुढे स्वतःच्या गाण्यांचे अल्बम काढले, आणि त्याच वेळी लॉस लोबोस, एल्विस कॉस्टेलो, काउंटिंग क्रोज यांचे अल्बमही घडवले. नाव झालं ते या दुसऱ्या कामामुळे.

ते काम नेमकं काय असतं? २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमाचं संगीत बर्नेट यांच्याकडे होतं. 'ओ डेथ' हे जुनं गाणं त्यांना बँजोच्या साथीवर हवं होतं. गायक होते सत्तरी ओलांडलेले राल्फ स्टॅनली. स्टॅनली यांनी बँजो बाजूला ठेवला आणि म्हणाले, मला माझ्या पद्धतीनं गाऊ द्या. साथीशिवाय दोन-तीन कडवी झाली, तेवढ्यात बर्नेट यांनी थांबवून सांगितलं की हेच हवं. आपली कल्पना सोडून देणं, आणि ती कधी सोडायची हे कळणं, ही या कामातली खरी कसोटी आहे. २००२ साली स्टॅनली यांना त्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं. सिनेमाचा अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरला.

आता दुसरी बाजू पाहू. बर्नेट यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम १९९२ साली आला, त्यानंतरचा थेट २००६ साली. मधली १४ वर्षं प्रामुख्यानं दुसऱ्यांच्या आवाजाला दिलेली! याला आपण त्याग म्हणायचं की आवड, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण 'ओ डेथ' एकदा जरूर ऐका. त्यात बर्नेट यांचा एकही सूर नाही. तरीही त्यांच्या होकाराशिवाय ते असं आपल्यापर्यंत पोचलं नसतं.