विश्लेषण : ‘ओसाड’ माळावर वसंतात काय फुलते, कोण फिरते?

पुणे, सातारा जिल्ह्यांतील माळरानांवर प्लॉट पडत आहेत, नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. शहरातून तेथे राहायला गेलेल्यांना फाल्गुन-चैत्रात भोवतालचा माळ करपलेला, रिकामा वाटतो. प्रत्यक्षात हे दिवस तेथे गजबजीचे असतात.

पाने नसताना फुले कशी?

पळस, पांगारा, काटेसावर हे पानझडी वृक्ष. पाणी वाचवण्यासाठी ते पाने गाळतात आणि त्याच काळात बहरतात. पानांचा आडोसा नसल्याने लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरूनच दिसतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मकरंदासाठी येतात आणि परागीभवन होते. पळसाच्या शेंगा पावसाआधी पिकतात, त्यामुळे बियांना रुजायला ओल मिळते. ओढ्याकाठी धायटीचे लाल तुरे, करवंदीच्या जाळीवर पांढरी सुवासिक फुले दिसतात. पुढे बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात.

सरड्याच्या गळ्याला पंखा कशाला?

दगडावर बसून गळ्याखालची निळी-काळी-नारिंगी झालर फडकवणारा सरडा दिसला, तर तो नर समजावा. मादीला आकर्षित करणे आणि दुसऱ्या नराला हुसकावणे, ही दोन्ही कामे ही झालर करते. २०१६ मध्ये संशोधकांनी अशा सरड्यांच्या एका गटाला दिलेले शास्त्रीय नाव मराठीच आहे : ‘सरडा’! त्यातील ‘सरडा सुपर्बा’ ही जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर आढळते.

टिटवी अंगावर का येते?

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात. तुम्ही जवळ गेलात की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. अशा वेळी आल्या वाटेने मागे फिरावे.

रात्री कोण फिरते?

कोल्ह्याहून लहान, काळ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचे जनावर म्हणजे खोकड. उंदीर, किडे, बोरे हे त्याचे खाणे. याच सुमारास त्याच्या बिळात पिल्ले असतात. साळिंदर काटे फेकून मारते, हा गैरसमज आहे. ते काटे फुलवून उलट्या पावली अंगावर येते, तेव्हा सैल काटे समोरच्याला टोचून राहतात.

मग धोका कोणाला?

सरकारी नोंदींत माळराने अनेकदा ‘पडीक’ ठरतात. मग प्लॉट साफ करण्यासाठी गवत पेटवले जाते, जेसीबी फिरतो. त्यात टिटवीची अंडी, खोकडाची बिळे आणि सरड्यांचे आसरे एका दिवसात जातात. मोकाट कुत्री खोकडाचा पाठलाग करतात, त्यांच्यापासून त्याला रोगही लागतात.

रहिवाशांनी काय करावे?

● गवत जाळू नये. प्लॉटचा एखादा कोपरा तसाच राखावा.
● सपाटीकरणाआधी जमीन पायी फिरून बिळे, अंडी पाहावीत.
● कुंपणाला खालून फट ठेवावी. रात्री गरजेपुरताच दिवा लावावा.
● उघड्यावर खरकटे टाकू नये, त्यावर कुत्री वाढतात.
● धामण बिनविषारी असून उंदीर खाते. मात्र साप ओळखता येत नसेल तर दूर राहावे, मारू नये.
● जखमी वा अडकलेला वन्यप्राणी दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.