संकटाची हाक ऐकणारा कामगार

बेंगळूरु शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र प्रामुख्याने लहान कारखान्यांचे आहे. लेथ, दाबयंत्रे, धातूला मुलामा देण्याच्या टाक्या आणि तयार कपड्यांच्या शिवणशाळा येथे दाटीने उभ्या आहेत. अशा ठिकाणी एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, म्हणजे त्याचा सोबती प्रथम १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवतो. त्या हाकेला उत्तर देणारी व्यक्ती घटनास्थळापासून दूर, नियंत्रण कक्षात बसलेली असते. जखमी माणसाला मिळणारी पहिली मदत ती हीच होय.

या कामाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. घाबरलेल्या माणसाकडून ठावठिकाणा काढून घेणे, इजेचे गांभीर्य ठरवणे, जवळची गाडी धाडणे आणि ती पोचेपर्यंत रक्तस्राव कसा थांबवावा हे सांगत राहणे, ही सर्व कामे काही मिनिटांत उरकावी लागतात. पीण्यासारख्या भागात बोलणारा कन्नड, हिंदी, तमिळ किंवा ओडिया यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा असू शकतो, आणि परगावाहून आलेल्या कामगाराला आपण कोणत्या रस्त्यावर उभे आहोत हेही पुष्कळदा सांगता येत नाही. कर्नाटकात १०८ सेवा २००८ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या केंद्रातील संगणक-यंत्रणा बिघडली आणि राज्यभर सेवा विस्कळीत झाली. रुग्णवाहिका होत्या, चालकही होते. परंतु हाक आणि गाडी यांना जोडणारा दुवाच तुटला होता.

आता या दुव्याला मिळणाऱ्या संरक्षणाची इतरांशी तुलना करू. कर्नाटकातील अग्निशामक दल हे राज्य शासनाचे खाते आहे. त्यातील कायम जवानाला, तसेच पोलिसाला, शासकीय वेतनश्रेणी असते आणि कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबासाठी विशेष तरतुदी असतात. १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. याउलट दूरध्वनी घेणारे कर्मचारी अनेक राज्यांत कंत्राटदारामार्फत नेमले जातात. कंत्राट बदलले की नोकरीही डळमळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील ११२ सेवेच्या महिला कर्मचाऱ्यांनी लखनौ येथे आंदोलन केले, तेव्हा त्यांची मागणी मासिक १८,००० रुपये वेतनाची होती.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारास कामगार राज्य विमा योजना लागू होते, आणि येथेच खरा भेद दिसून येतो. कामावरील इजेमुळे तात्पुरती असमर्थता आल्यास ती टिकेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते; सामान्य आजारपणात ७० टक्के, आणि तीही वर्षाकाठी फार तर ९१ दिवस. मुलामा देण्याच्या कामातील क्रोमियमची विषबाधा आणि यंत्रांच्या गोंगाटाने येणारे बहिरेपण हे व्यवसायजन्य रोगांच्या सूचीत आहेत. ही सूची आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु दिवसेंदिवस किंकाळ्या आणि अखेरचे श्वास ऐकून मनाला होणाऱ्या इजेचा त्या सूचीत उल्लेख नाही. अशा कर्मचाऱ्याची झोप उडाली, तर कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा केवळ आजारी ठरतो.

याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: धोका शरीराला स्पर्श करतो तेव्हाच तो धोका. २०२० च्या साथीत केंद्र शासनाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला, तेव्हा त्याची कसोटी रुग्णाशी प्रत्यक्ष संपर्क ही होती. तो संकेत साथीपुरता योग्यच होता. तथापि दूरध्वनीवरील काम अशा कसोटीत सहजासहजी बसत नाही. हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नव्हे. अमेरिकेच्या संघीय व्यवसाय-वर्गीकरणात अग्निशामक आणि पोलीस संरक्षक सेवांत मोडतात, तर त्यांना धाडणारे कर्मचारी कार्यालयीन साहाय्यकांत. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये त्यांचा समावेश प्रथम मदतनीसांत केला. मानसोपचाराच्या क्षेत्रानेही अप्रत्यक्ष आघाताची दखल घेतली आहे: अमेरिकेतील मनोविकारांच्या प्रमाणित वर्गीकरणाने २०१३ मध्ये, कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे हेही आघाताचे कारण मानले.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. कठीण प्रसंगानंतर विश्रांतीची हक्काची वेळ, समुपदेशन, नियमित श्रवणतपासणी, कंत्राट बदलले तरी सेवेचे सातत्य आणि व्यवसायजन्य रोगांच्या सूचीत मानसिक आघाताचा समावेश, एवढ्याने बरेच साधेल. पीण्यातील यंत्रावरच्या कामगाराला कामावरील इजेची भरपाई मिळवण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. त्याच्यासाठी गाडी धाडणाराही कामगारच आहे, आणि त्याची इजा डोळ्यांना दिसत नाही एवढ्याच कारणाने ती नाकारणे न्यायाचे ठरणार नाही.