खेळातली सिमेंटची जाळी

कोरेगाव भीमाहून नगर रस्त्याने पुण्यात जाताना १९५०-६०च्या दशकातल्या धाटणीची एखादी सरकारी इमारत दिसतेच: सपाट छत, लांब छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेची इमारत त्याच घराण्यातली. हेल्मुट बार्ट्श या शिकागोच्या वास्तुरचनाकाराने ती आखली, १९६२मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं.

‘सिटीज: स्कायलाइन्स’सारख्या शहर वसवण्याच्या खेळात हौशी मंडळी अशा इमारती स्वतः बनवून घालतात. कशा?

संगणकाला इमारत म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा. चौकोनी भोकाच्या आतल्या चार बाजूंनाच आठ त्रिकोण लागतात. जाळीत चारशे भोकं असली, तर ३२०० त्रिकोण, तेही एका जिन्यापायी! अख्खं शहर असं रचलं तर संगणक धापा टाकेल. म्हणून नाटकातल्या रंगवलेल्या पडद्याची युक्ती करतात. दोन त्रिकोणांचा सपाट पत्रा घ्यायचा, त्यावर जाळीचं चित्र चिकटवायचं. सोबत एक काळं-पांढरं चित्र: काळं तिथे आरपार. आणखी एक चित्र उजेड कुठे कसा पडावा ते सांगतं, त्यामुळे सपाट खिडकीही खोल भासते. रात्री कुठल्या खिडक्या उजळायच्या, त्याचंही वेगळं चित्र असतं.

छज्जा मात्र खराच बाहेर काढावा लागतो. वरून तिरकं पाहिलं की खोटा छज्जा लगेच पकडला जातो.

कॅमेरा लांब गेला, की खेळ गुपचूप मोजक्या त्रिकोणांची ढोबळ प्रत पुढे करतो. नक्षीदार वाड्यापेक्षा या इमारती बनवायला सोप्या, कारण एकच खिडकी ओळीने पुन्हापुन्हा येते; चित्र एकदाच काढायचं.